पेशंट समोर अन् मान टॅबमध्ये : उपकेंद्रातल्या ऑनलाइन नोंदी

डोंगरवाट :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले कारण डोक्यातून जात नाहीये. मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. बीएएमएस केलं, मग सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स, आणि आता नाशिकच्या पश्चिमेकडच्या एका आदिवासी तालुक्यात उपकेंद्रावर आहे. गावाचं नि अ‍ॅपचं नाव घेत नाही, नोकरी आहे.

तर परवाची गोष्ट. साठीच्या एक आजी सुनेबरोबर आल्या, डोकं गरगरतंय म्हणाल्या. बीपी बघितलं तर १८४/१०६. नवीन पेशंट, म्हणजे आधी अ‍ॅपमध्ये कुटुंब शोधा, कुटुंब नाही, मग कुटुंब तयार करा, त्यात आजींना टाका, मग १४ आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक. त्याला आधारचा ओटीपी, तो जाणार लिंक असलेल्या मोबाइलवर, तो मोबाइल मुलाच्या खिशात आणि मुलगा दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला. सुनेने फोन लावला तर तो म्हणे ओटीपी कुणालाच देणार नाही. आता हसावं की रडावं, कारण मागच्याच ग्रामसभेत मीच माइक हातात घेऊन सांगितलं होतं की बँकेचा म्हणू दे नाहीतर सरकारचा म्हणू दे, फोनवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. पोरगं शब्दाला जागलं! पंधरा मिनिटं हेच चाललं होतं, शेवटी आजी हळूच म्हणाल्या, "बाई, ह्यो पट्टा काढू का आता?" बीपीचा कफ त्यांच्या दंडाला तसाच. माझं लक्षच नाही.

आभा ऐच्छिक आहे हे मलाही माहितीय, त्यावाचून गोळ्या अडत नाहीत आणि मी दिल्याही. पण साहेबांच्या आठवड्याच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ मीटिंगमध्ये, 'तुमच्या उपकेंद्राचे किती' असं विचारलं की ऐच्छिक वगैरे शब्द घशातच राहतो.

मी ऑनलाइनच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. माझा प्रश्न वेगळा आहे. एवढं भरून झाल्यावर पुढच्या महिन्यात मला त्या अ‍ॅपकडून एकच गोष्ट हवी असते, की बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांपैकी या महिन्यात कोण आलं नाही. ती यादी पाड्यानुसार हवी. अ‍ॅप मला दाखवतं गावाची तपासणी किती टक्के झाली. टक्क्याला घरी जाऊन गोळ्या देता येत नाहीत ना! म्हणून शेवटी मी २०० पानी वही केलीच. तुम्ही लोक काय करता? भरलेली नोंद परत तुमच्या कामाला येते का कधी?

मेळघाटची सिस्टर :
ताई तुमचं वाचून हसू आलं न डोळ्यात पाणीबी आलं. माही १९ वर्षं झाली एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून. कागदावर सोय म्हणजे डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, प्रत्यक्षात पाडे किती न नाले किती ते कुठंच लिहिलेलं नसते.

आता नोंदी मोजा. गरोदर मातेचं एक अ‍ॅप, लसीकरणाचं दुसरं, बीपी-शुगरचं तिसरं, टीबीचं चौथं, साथीच्या रोगाचा एस फॉर्म पाचवा, सिकलसेलचं आणखी वेगळं, न ऑनलाइन डॉक्टरशी बोलायचं त्याचं लॉगिन वेगळं. बाई एकच. तिचं नाव मी चार ठिकाणी टाइप करते, एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्यात शेवटी. मंग वरून फोन येते की 'मॅच होऊन नाही रायलं'. काहून होईन?

नेटवर्क पाण्याच्या टाकीवर चढलं तर दोन काड्या. म्हणून दिवसा वही न रात्री घरी टॅब. खरं सांगू का, अर्धी एन्ट्री माही पोट्टी करते, बारावीला आहे, तिचा अभ्यास कमी न माह्या गरोदर माता जास्त. परवा मलेच विचारते, "आई, अमुकीचं एचबी मागच्या वेळी ७ होतं, या वेळी ११ कसं झालं?" मी वही काढून पाहिली, ११ नव्हतंच, ७.१ होतं, बोट घसरलं होतं. पोट्टीच्या लक्षात आलं, अ‍ॅपनं गपचूप घेतलं.

न तारखेचा खोका! पाळी कधी आली होती विचारलं तर बाई सांगते, "होळीच्या आधी आली होती न, मंग नाही आली." मी कॅलेंडर काढते, होळी कधी होती पाहते, तिच्याकडून 'आधी म्हणजे किती दिवस' काढते, अंदाजानं तारीख टाकते. अ‍ॅप त्यावरून बाळंतपणाची तारीख एका दिवसावर सांगून देते, जशी काही ज्योतिषानं काढली.

बाकरवडी_आणि_बिट्स :
आयटीवाला आहे, पुण्यात, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. दोन भाबडे प्रश्न. एक, एवढी वेगवेगळी अ‍ॅप का, एक करून टाकत का नाहीत? दोन, ऑफलाइन भरून नंतर सिंक ही काही आता रॉकेट सायन्सची गोष्ट राहिली नाही, मग टाकीवर का चढावं लागतं? आणि हिमोग्लोबिन महिन्याभरात ७ वरून ११ झालं तर 'खात्री आहे का' एवढं विचारणं ही चार ओळींची गोष्ट आहे हो, कुणीतरी सांगितलंच नसणार बनवणाऱ्याला.

तालुक्याचा ऑपरेटर :
मी डाटा एन्ट्री ऑपरेटर, कंत्राटी. सगळे सिस्टर लोक मला शिव्या देतात म्हणून माझी पण बाजू ऐका. बाकरवडी भाऊ, एक अ‍ॅप का नाही तर प्रत्येक राष्ट्रीय कार्यक्रमाचा साहेब वेगळा, निधी वेगळा, आढावा वेगळा. एचएमआयएस हे आकडेवारीचं पोर्टल २००८ पासूनचं, त्यात नावं नसतात, महिन्याचे नुसते आकडे. मग मातांची नावानिशी नोंद ठेवायची म्हणून एमसीटीएस आलं, त्याच्या जागी आरसीएच पोर्टल. टीबीचं निक्षय २०१२ चं. साथरोगाचं आयएचआयपी २०२१ ला देशभर सुरू झालं, एस फॉर्म गावातून, पी डॉक्टरकडून, एल लॅबमधून. प्रत्येक वेळी नवीन घर बांधलं, जुनं पाडलं नाही. आभा त्याच्यावर उपाय म्हणूनच आली, २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झालं तेव्हा, की माणसाचा नंबर एक असला म्हणजे वेगवेगळ्या नोंदी त्या धाग्यात ओवता येतील. कल्पना चांगली आहे, मी वाईट म्हणणार नाही. पण आमच्याकडे धागाच मोजतायत, मणी कुणी ओवतच नाही. आभा किती काढले हे रोज विचारतात, एका आभावर किती नोंदी जोडल्या हे मला आजपर्यंत एकदाही कुणी विचारलं नाही.

आणि व्हीसीच्या आदल्या रात्री काय होतं ते सांगतो. तालुका लाल रंगात दिसतो. साहेबांचा फोन मला, माझा फोन सिस्टरला, सिस्टर म्हणते काम झालंय, एन्ट्री राहिलीय. मग वहीच्या पानाचे फोटो ग्रुपवर येतात आणि मी रात्री ११ वाजता टाइप करतो. त्यात अक्षर! १ आहे का ७ कळत नाही. सकाळी तालुका हिरवा.

सौ. माहेरवाशीण :
त्या फोटोंबद्दलच बोलायचं होतं, बरं झालं विषय निघाला. माझी जाऊ आशा आहे, तिच्या फोनमध्ये तो ग्रुप बघितला मी. कुणाला कितवा महिना, कुणाचं अ‍ॅबॉर्शन, कुणाला टीबी, नाव-गाव-मोबाइलसकट पानंच्या पानं, आणि तो फोन तिची मुलं गेम खेळायला घेतात. सर्व्हर किती सुरक्षित यावर मोठमोठी चर्चा करतात लोक, इथे आख्खं गाव गॅलरीत पडलंय. चूक जावेची नाही, टॅबवर होत नाही म्हणूनच तर फोटो.

रोखठोक_७७ :
सगळ्या सरकारी खात्यांत हेच रडगाणं. बँकेचे कर्मचारी शिकले, तलाठी शिकले, रेल्वेचे शिकले. सिस्टर लोकांना फक्त नवीन काही नको असतं. वहीत काहीही लिहिता येतं, ऑनलाइनला जागा आणि वेळ पडते म्हणून त्रास होतो, स्पष्ट बोलतो.

मेळघाटची सिस्टर :
रोखठोक भाऊ, या एकदा. बँकेत माणूस काउंटरपाशी येते न बँकेवाल्याच्या मांडीवर रडणारं लेकरू नसते. मी एका हातात लेकराची मांडी पकडते, दुसऱ्या हातात सुई. टॅब कोण्या हातात धरू ते सांगा.

अंबाडीची भाजी :
मी निवृत्त आरोग्य सहाय्यिका, तुमच्या भाषेत एलएचव्ही, सोलापूरकडची. रोखठोक यांचं बोलणं उद्धट आहे पण त्यातली एक गोष्ट मी सोडून देणार नाही. वहीत काहीही लिहिता येतं हे खरं आहे. आम्ही लिहिलंय.

कुटुंब नियोजनाचं टार्गेट होतं तेव्हाचे दिवस आठवतात. एप्रिल १९९६ ला टार्गेट काढलं सरकारने, त्याच्या आधी मार्च आला की आमच्या पोटात गोळा यायचा. तांबीच्या (कॉपर-टीच्या) केसेस कागदावर किती आणि खरोखर किती हे तांबीलाच माहीत. पात्र जोडप्यांच्या रजिस्टरमध्ये पन्नाशीच्या बायका पात्र म्हणून सुखाने नांदत होत्या. मग पुढे बीपी मोजायचं आलं तर मी तपासणीला गेले की पानभर १२०/८०, १२०/८०, १२०/८०. मी त्या सिस्टरला म्हटलं, अगं निदान एखादी १२४ लिही, गावात एकाला तरी सासू असेल की नाही! तेव्हा वही म्हणजे खरं आणि टॅब म्हणजे खोटं असं काही नाही. वरून आकडा मागितला की खालून आकडाच जातो, माणूस जात नाही. आता तोच १२०/८० टॅबमध्ये जातो, एवढाच फरक.

पण एक वही मात्र मी कधी खोटी लिहिली नाही, ती माझी स्वतःची. छोटी डायरी, कापडी पिशवीत असायची. तीत फक्त ज्यांच्याकडे परत जायचंय त्यांची नावं. ती कुणी तपासायचं नाही, म्हणून ती खरी.

डोंगरवाट :
अंबाडी मावशी, शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं थांबले. माझी २०० पानी पण कुणी तपासत नाही.

लेस्टरची सांगलीकर :
मी इंग्लंडमध्ये जीपी प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, नर्स आहे, मूळ सांगली. इकडे पेशंटचा १० आकडी एनएचएस (सरकारी आरोग्यसेवेचा) नंबर टाकला की त्याची जन्मापासूनची लस, औषधं, रिपोर्ट एका स्क्रीनवर. डॉक्टर बदलला की रेकॉर्ड पाठोपाठ जातं. ऐकायला स्वर्ग वाटेल, पण इथेही पेशंट तक्रार करतात की डॉक्टर स्क्रीनशीच बोलतात, आणि मी जखमेचं ड्रेसिंग करताना कोपऱ्यात पिवळी चौकट येते की यांना सिगारेटबद्दल विचारलं नाही. २००४ पासून ठरावीक गोष्टी नोंदवल्या की प्रॅक्टिसला पैसे मिळतात, त्यामुळे चौकटी वाढतच गेल्या. माणूस पाय सुजलाय म्हणून आलाय, मी विचारतेय दारू किती घेता!

पण जी गोष्ट सांगायला लिहितेय ती वेगळी. इथल्या जीपी लोकांनी १९८० च्या दशकातच आपापल्या दवाखान्यात कॉम्प्युटर घ्यायला सुरुवात केली, कारण सारखी सारखी तीच औषधं हाताने लिहून कंटाळले होते. त्यांना स्वतःला हवा होता म्हणून तो टिकला. आणि मोठी हॉस्पिटलं जोडायला २००२ मध्ये सरकारने वरून भलामोठा प्रकल्प आणला, अब्जावधी पौंड ओतले आणि २०११ मध्ये गुंडाळायला घेतला. देश तोच, पैसा तिथे जास्त, पण वापरणाऱ्याला विचारलं नव्हतं. अजूनही हॉस्पिटलचं पत्र आमच्याकडे आलं की कुणीतरी बसून ते वाचून कोड टाकतं बरं का, सगळं आपोआप होतं हा गैरसमज आहे. आणि जुन्या कागदाच्या पाकिटांना आजही लॉइड जॉर्ज म्हणतात, १९११ चा विमा कायदा आणणाऱ्या मंत्र्याचं नाव. शंभर वर्षांनीसुद्धा माझ्या प्रॅक्टिसच्या एका खोलीत ती पाकिटं होती, मी पाहिली आहेत.

कृष्णाकाठ :
लेस्टरताईंनी सांगितलं ते इकडेही घडलंय, लांब जायला नको. मी सातारा जिल्ह्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) स्टाफ नर्स होते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च रक्तदाबाचा आयएचसीआय कार्यक्रम देशातल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे होते. त्यात 'सिंपल' नावाचं अ‍ॅप आलं आमच्याकडे. पहिल्यांदा मी पण कपाळाला हात लावला, आणखी एक. पण त्यात भरायचंच काय तर बीपी, गोळ्या, पुढची तारीख. बास. पेशंटकडे क्यूआर कोडचं छोटं कार्ड, ते स्कॅन केलं की मागचं बीपी समोर, जुन्या पेशंटची नोंद अर्ध्या मिनिटाच्या आत. नेट नसलं तरी चालायचं, आलं की आपोआप जायचं.

आणि डोंगरवाट, तुम्ही मागताय ती यादी त्यात होती हो. तारीख उलटून गेलेले लोक, वरून खाली, नावापुढे फोनचं बटण. गुरुवारी ओपीडी संपली की मी एकेकाला फोन लावायचे. "काका, गोळ्या संपल्या असतील की" म्हटलं की समोरून पहिलं उत्तर ठरलेलं, "आता बरं वाटतंय म्हणून सोडल्या." एका काकांनी तर सांगितलं तुमचा फोन आला की बायको जास्त ओरडते, फोन करू नका, मी येतो. आले.

त्यात बाकीची माहिती नाही म्हणून वरचे काहीजण नाराज असायचे, वजन का नाही, तंबाखू का नाही, शिक्षण किती. मला तेव्हाही वाटायचं की नाही तेच बरंय.

बाकरवडी_आणि_बिट्स :
कृष्णाकाठ, हे भारी आहे. आमच्याकडे प्रॉडक्ट करताना सगळ्यात मोठं भांडण हेच असतं, काय काढून टाकायचं. प्रत्येक डिपार्टमेंट म्हणतं आमची एक फील्ड फक्त. एक-एक करत ६० होतात. तिथे नाही म्हणणारा माणूस लागतो, आणि सरकारी मीटिंगमध्ये बहुतेक तो सगळ्यात ज्युनिअर असतो.

तालुक्याचा ऑपरेटर :
मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनिअर मी असतो. मी नाही म्हणू का? 😄

सौ. माहेरवाशीण :
माहेरावरून आठवलं (नावच माझं तसं). माझं पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. नोंद सासरच्या सिस्टरकडे, सातव्यात ओटी भरून माहेरी गेले तर तिथली सिस्टर म्हणे नाव सापडत नाही, कारण आधारवर लग्नाआधीचं नाव, सासरी नोंद नव्या नावाने. तिने नवीन नोंद केली. तिकडे सासरची सिस्टर आठवडाभर फोन करतेय की तुमची डिलिव्हरी पेंडिंग दिसतेय, झाली का? बाळ तोपर्यंत महिन्याचं. माझ्यासाठी कामाला काय आलं तर ते माता-बाल संरक्षण कार्ड, आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बसमध्ये छातीशी धरून आणलेलं. रक्तगट, एचबी, धनुर्वाताची इंजेक्शनं सगळं त्याच्यात होतं.

मेळघाटची सिस्टर :
हो न! दोन्हीकडून ती एक बाई दोन झाली, न बाळ एक. हिशेबात एक डिलिव्हरी गायब. मंग विचारतात कुठं गेली.

मोबाइलचंबी तसंच, कोविडच्या लसीला एका नंबरवर चारच लोकं बसत होते, पुढं सहा केले. पाड्यावर एक फोन, लोकं चाळीस. मंग माहा नंबर, आशाचा नंबर, सरपंचाचा नंबर. अजूनबी कोणाकोणाचे मेसेज मला येतात, "अभिनंदन, आपले लसीकरण पूर्ण झाले." ज्याला अभिनंदन करायचं तो तिकडं महू वेचून रायला.

अंगणवाडीच्या बायांनी २०२१ ला मोबाइल वापस केले होते, आठवते का? लय हँग होत होते न अ‍ॅप इंग्रजीत. तेव्हा लोकं हसले होते त्यांच्यावर. मी नव्हती हसली.

रोखठोक_७७ :
महूवालं वाचून हसलो. बरं, लेकराच्या मांडीचं मान्य. पण मग नुसत्या वहीवर परत जायचं का? साथ आली तर वही कळवणार आहे का जिल्ह्याला?

अंबाडीची भाजी :
नाही कळवणार. आमच्या काळात गॅस्ट्रोची साथ कळायची ती शिपाई चिठ्ठी घेऊन सायकलवर गेला म्हणजे, तोवर अर्धी वस्ती सलाइनवर. आता सकाळी फॉर्म भरला की जिल्ह्याला दुपारी दिसतं, हे मोठं काम आहे, मी नाकारत नाही. आणि माझी दोन रजिस्टरं वाळवीने खाल्लीत, एक पीएचसीच्या पत्र्यातून गळणाऱ्या पावसाने नेलं. कागदाचे गोडवे गाणाऱ्यांनी पावसाळ्यात यावं.

डोंगरवाट :
परत आले. दोन गोष्टी केल्या या आठवड्यात.

एक, टॅब टेबलाच्या पलीकडे नेला. पेशंट आणि मी एका बाजूला, टॅब बाजूच्या स्टुलावर. आधी तपासणं, बोलणं, गोळ्या, मग टॅब. वेळ तेवढाच लागतो पण कफ विसरत नाही. आभा वेगळी, त्यासाठी आठवडी बाजाराच्या दिवशी बसणार आहे, तेव्हा मुलं-सुना, मोबाइल सगळे गावात असतात.

दुसरं, वहीचं पाठचं पान. पाड्यावार चार उभे रकाने केले, नाव, गोळ्या संपायची तारीख, आली का, नाही आली तर का. आशाताई शनिवारी येऊन तेवढंच पान बघते आणि घरी जाऊन येते. 'का' च्या रकान्यात पहिल्याच आठवड्यात चार जणांचं एकच उत्तर आलं, द्राक्षाला गेले. म्हणजे मला ३० दिवसांच्या ऐवजी दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायला हव्यात जाण्याआधी, एमओ सरांना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) विचारलं, ते हो म्हणाले. अ‍ॅपमध्ये 'कारण' म्हणून जी यादी आहे तीत द्राक्ष नाही, 'इतर' टाकावं लागतं.

आजी आल्या होत्या परत, १५२/९०. मुलगाही आला होता, दिवाळीला. म्हणाला, मॅडम आता सांगू का ओटीपी.

अंबाडी मावशी, तुमच्या त्या डायरीत रकाने कोणते होते ते लिहा ना, किंवा फोटो टाका, नावं झाकून.

अंबाडीची भाजी :
रकाने नव्हते गं. नाव, आणि पुढे घराची खूण. चिंचेपाशी, गिरणीमागे, पांढरी गाय. गाय विकली की पंचाईत व्हायची. फोटो टाकते, माळ्यावरची ट्रंक उतरवायला नातू येऊ दे.